अखाजीला सावली देणारं झाड

जून उजाडला की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, यंदा ओपन स्पेसमध्ये कोणती झाडं लावायची, आणि उत्तरही ठरलेलं, "नर्सरीत जी मिळतील ती." मग कुणीतरी छोटा हत्ती घेऊन जातं, गुलमोहर येतात, सप्तपर्णी येते, दोन-चार बॉटल पाम येतात कारण ते "दिसायला भारी", खड्डे खणून होतात, फोटो निघतात, पोहे-चहा होतो आणि पुढचं सगळं पावसावर सोडून दिलं जातं. पाऊस आहे तोवर सगळंच हिरवंगार. पण आपल्याकडे झाडाची परीक्षा जूनमध्ये नसतेच, ती असते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा फोटो काढायला कुणी फिरकत नाही.

मी जळगावचा. नोकरीपायी भुसावळ-धुळं-नंदुरबार चालूच असतं, त्यामुळे उन्हाबद्दल बोलायचा थोडाफार हक्क आहे असं मी समजतो. पारा ४५ च्या वर गेला की पुण्या-मुंबईच्या बातम्यांत आमचं नाव येतं, एरवी केळी आणि भरीत सोडून कुणाला आठवण नसते, असो. तर अशा गावात झाड निवडायचं कसं यावर ग्रुपवर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते देशीच लावा, दुसरी म्हणते लवकर वाढणारं लावा, आपल्या हयातीत सावली मिळाली पाहिजे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण त्याच्या आधी विचारायचा प्रश्न दोघंही विचारत नाहीत, तो म्हणजे हे झाड अखाजीला कसं असतं?

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, हे खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगितलं. इकडे दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, घागर भरली जाते, आणि गावोगाव निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. आता बघा, हा सण येतो एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाहीतर मेमध्ये, ऐन वणव्यात, आणि त्याच दिवसांत बाया-पोरी दुपारभर झाडाखाली असतात. म्हणजे त्या झाडाला तेव्हा गच्च पानं पाहिजेत आणि दोन माणसांचं वजन झेलणारी फांदी पाहिजे. शहरासाठी झाड निवडायची याच्याहून कडक टेस्ट मला तरी माहीत नाही. ज्या झाडाला अखाजीला सावली आहे आणि झोका बांधायची सोय आहे, ते रस्त्याकडेला लावा, बाकीची कुठे लावायची ते नंतर बघू.

या टेस्टमध्ये भलेभले नापास होतात. गुलमोहर घ्या. मेमध्ये लालभडक फुलतो, बघायला सुंदर, त्याबद्दल वाद नाही, पण तेव्हा पानं विरळ, मार्च-एप्रिलमध्ये तर जवळजवळ उघडा असतो. मूळचा मादागास्करचा, मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, म्हणून पहिल्या वळवाच्या वाऱ्यात रस्त्यावर आडवं पडलेलं झाड बहुतेक वेळा गुलमोहरच असतं आणि त्याच्याखाली कुणाची तरी ॲक्टिव्हा. पण नापास फक्त परदेशीच होतात असं नाही हं. बहावा अस्सल आपला, पण तो पिवळा झुलतो तेव्हा अंगावर पानं नसल्यात जमा. पळस आपला, साग आपला, साग तर जूनपर्यंत खराट्यासारखा उभा असतो. ही झाडं वाईट नाहीत, त्यांनी पाणी वाचवायला पानं टाकलेली असतात, जंगलात ते शहाणपणच आहे. पण बसस्टॉपवर उभ्या असलेल्या म्हातारीला त्या शहाणपणाचा काय उपयोग?

उलट निंब बघा. शिशिरात पानं गाळतो, पाडव्याच्या सुमारास तांबूस कोवळी पालवी आणि फुलं, आणि अखाजी येईपर्यंत गडद हिरवा. करंजाचंही तसंच, पानं गळून नवी येईपर्यंत मध्ये फार दिवस जातच नाहीत, आणि मेमध्ये त्याच्याखालची सावली अशी दाट की जमिनीवर उन्हाचा कवडसा शोधावा लागतो. चिंच पूर्ण उघडी अशी फारशी होतच नाही. वावळ, वड, पिंपळ, उंबर सगळे उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पानं काढून मोकळे होतात. हे कॅलेंडर कुठल्याही नर्सरीच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. तिथे लिहिलेलं असतं "शोभिवंत".

ग्रुपवर कुणीतरी हमखास म्हणतं की झाड हवेत पाणी सोडतं म्हणून गार वाटतं. सोडतं, बरोबर आहे. पण हवा कोरडी, जमीन कोरडी आणि दुपारी एकचं ऊन असेल तर झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं, स्वतःचं पाणी वाचवतं, तेव्हा कूलरचं काम जवळजवळ बंद. उरते ती सावली. पानाचंही स्वतःचं एक मर्यादेचं तापमान असतं. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांसाठी साधारण ४६.७ अंश हा आकडा दिला होता, त्याच्या वर अन्न तयार करायची यंत्रणाच बिघडायला लागते. हे हवेचं नाही, पानाचं तापमान, आणि भर उन्हातलं पान हवेपेक्षा गरम असू शकतं. ते जंगलातल्या झाडांबद्दल होतं, खाली डांबर आणि बाजूला काचेचं शोरूम असलेल्या झाडाचं काय होत असेल ते आपणच समजून घ्यायचं. कोविडमध्ये घेतलेलं, कपाळाला लावून ताप मोजायचं ते पिस्तुल माझ्याकडे अजून आहे, मेच्या दुपारी रस्त्यावर धरलं तर आकडाच येत नाही, स्क्रीनवर नुसतं 'हाय' येतं, त्याची हद्दच संपलेली असते. करंजाखालच्या फरशीवर मात्र आकडा येतो.

आमच्या कॉलनीतले नाना शेतीखात्यातून रिटायर झालेत. त्यांना झाडाचं नाव सांगितलं की ते आधी विचारतात, "जमीन कोणती?" मला सुरुवातीला वाटायचं ही त्यांची नोकरीतली सवय. पण नीट बघितलं तर आपल्याकडे उन्हाइतकीच झाडं मारते ती काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, पाणी धरून बसते, मुळांना श्वास घेता येत नाही, आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत कोवळी मुळं अक्षरशः तुटतात. तापी-गिरणेच्या बाजूला ही अशी भारी जमीन आणि धुळ्याकडे गेलं की वीतभर मातीखाली मुरूम. दोन्हीकडे ऊन सारखंच, पण झाड सारखं नाही चालणार. काळ्या जमिनीत बाभूळ मजेत असते, चिंच, करंज, शिरीष चालतात, नाल्याकाठी पाणी साचत असेल तर सादडा म्हणजे अर्जुन. निंबाला पाणी तुंबलेलं आवडत नाही, थोडा उंचवटा दिला की खुश.

आणि मुरमाचा राजा म्हणजे अंजन. खान्देशात राहून अंजन न ओळखणारी माणसं मला खूप भेटतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याला, धुळ्याकडच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर, चाळीसगावकडे गौताळ्याच्या डोंगरात हे झाड आहे. पान हातात घेऊन बघा, एका देठाला दोनच पानं, बुडाशी जवळ आलेली, थेट आपट्याचा भास होतो, पण आपट्याचं एकच पान मध्ये चिरलेलं असतं आणि अंजनाची खरोखर दोन वेगळी. शेंग चपटी, कागदासारखी, आणि बी फक्त टोकाला, म्हणजे वाऱ्यावर गरगरत लांब जायची सोय. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. पाला गुरं खातात. उन्हाळ्यात नवी पालवी. पण याची खरी गोष्ट जमिनीखाली. बी रुजलं की वर चार पानं दिसतात आणि खाली सोटमूळ सुसाट निघालेलं असतं, कातळातल्या चिरेत घुसून ओल शोधतं. म्हणून पहिली काही वर्षं अंजन वाढतच नाही असं वाटतं आणि लोक कंटाळून उपटून टाकतात.

याच सोटमुळामुळे नर्सरीवाले अंजनाच्या वाटेला जात नाहीत. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत मूळ खाली टेकलं की गोल गोल फिरायला लागतं, आणि एकदा ते वेटोळं पडलं की झाड जमिनीत लावल्यावरही तसंच राहतं, वर फांद्या वाढतात, खाली आधार नाही. हे फक्त अंजनाचं नाही, आठ-दहा फुटांचं "इन्स्टंट" झाड मोठ्या पिशवीत मिळतं त्यातल्या बऱ्याच झाडांची हीच कथा. रोप घेताना पिशवी फाडून बघू द्या म्हटलं तर नर्सरीवाला अशी नजर देतो की जणू मी त्याची तिजोरीच उघडायला सांगितली. अंजनाला सरळ उपाय म्हणजे बी जागेवरच पेरायचं, पहिल्या चांगल्या पावसानंतर. निंबाचंही जमतं, फक्त निंबोळी ताजी पाहिजे, जून-जुलैत पडलेली निंबोळी पावडरच्या डब्यात घालून पुढच्या वर्षी पेरायचा प्लॅन असेल तर राहू द्या, तिची उगवायची ताकद काही आठवड्यांतच ओसरते.

आता मजा अशी की "हवामान बदलाला टिकणारं झाड" एवढाच निकष ठेवला तर पहिला नंबर कुणाचा लागेल माहितीये? वेड्या बाभळीचा, म्हणजे बाहेरून आलेली ती, आपली बाभूळ नव्हे. रेल्वेलाईनच्या कडेला, नदीच्या कोरड्या पात्रात, कचराडेपोवर, पाणी नाही, कुणी बघत नाही, तोडली तरी दुप्पट जोमाने येते. दुसरा नंबर कदाचित कोनोकार्पसचा, हा सोमालिया-येमेनच्या बाजूचा पाहुणा, उन्हात टवटवीत, भराभर वाढतो, त्यामुळे शेजारच्या गुजरातेत रस्तोरस्ती लावला गेला आणि मग २०२३ मध्ये तिथल्याच सरकारने त्याच्यावर बंदी घातली. परागकणांनी ॲलर्जी, मुळं पाइपलाइनीत अशा तक्रारी होत्या. सीमेवरच्या नवापूरच्या पलीकडे गेलं की ही गोष्ट घडलेली दिसते आणि तरी सीमेच्या अलीकडे कुणी ना कुणी "भाऊ, ते हिरवंगार कोणतं झाड आहे, आपणही लावू" म्हणत असतं. नुसतं टिकणं पुरत नाही, टिकून ते आपल्याशी कसं वागतं तेही बघायचं.

मग सगळीकडे निंबच लावून मोकळं व्हावं का? मलाही तसंच वाटायचं, निंब म्हणजे आपला हुकमी एक्का. पण २०२१ मध्ये तेलंगणात निंबाची झाडं शेंड्याकडून वाळायला लागली होती, अख्ख्या रस्त्याची झाडं तपकिरी, बुरशी आणि किडीची जोडगोळी असल्याचं शास्त्रज्ञ सांगत होते. बरीच झाडं नंतर फुटली म्हणा. पण गावात दुसरं झाडच नसतं तर तो उन्हाळा कसा गेला असता? अमेरिकेने हा धडा दोनदा घेतलाय, आधी एल्म झाडांच्या रोगात रस्तेच्या रस्ते बोडके झाले, मग त्या जागी ॲश लावली आणि २००२ मध्ये ॲश पोखरणारा भुंगा सापडला. तिथल्याच फ्रँक सँटामूर नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक साधा ठोकताळा दिला होता, शहरात एकाच जातीची झाडं शंभरात दहाच्या वर नकोत, एका वंशाची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, वीसच्या वर नकोत, आणि एका कुळाची, म्हणजे त्याहून मोठ्या घराची, तीसच्या वर नकोत.

कागदावर छान आहे. पण आपल्याकडे लावून बघा, लगेच अडतं. करंज, चिंच, शिरीष, बाभूळ, अंजन, बहावा, पळस, आपटा, कांचन, अगदी तो गुलमोहरसुद्धा, हे सगळे शेंगांच्या एकाच कुळातले. कोरड्या गरम मुलखात जगणारी झाडं बहुतेक याच घरातली, तर तीसचा आकडा पाळायचा कसा? माझं मत असं की कुळाचा आग्रह आपण थोडा सैल करू, जातीचा मात्र अजिबात नको. एका गल्लीत सगळे निंब असतील तर पुढच्या गल्लीत करंज, त्याच्या पुढे वावळ, आणि वरून वायरी जात असतील तिथे आपटा, कांचन, भोकर अशी बुटकी मंडळी, म्हणजे लाईनमनला दरवर्षी पावसाळ्याआधी झाडाचं मुंडकं उडवावं लागणार नाही. बहाव्यालाही इथेच जागा आहे, मी त्याच्या विरोधात नाही, फक्त बसस्टॉपवर नको एवढंच.

जगभर हल्ली आणखी एक पद्धत चालते, आपलं शहर २०५० मध्ये आजच्या कुठल्या शहरासारखं होईल ते बघायचं आणि तिथली झाडं आत्ताच आणून लावायची. २०१९ च्या एका अभ्यासात ५२० शहरांचं असं गणित मांडलं होतं, लंडन बार्सिलोनासारखं होईल, माद्रिद मराकेशसारखं. मेलबर्नने तर मोठ्या दुष्काळात बरीच झाडं खंगल्यावर २०१२ मध्ये पूर्ण प्लॅनच केला, झाडांची जात बदलण्यासकट, आणि प्रत्येक झाडाला ईमेल पत्ता दिला, फांदी तुटली तर कळवा म्हणून. लोकांनी काय करावं, झाडांना प्रेमपत्रं लिहिली! आपल्याकडे असं केलं तर "गुड मॉर्निंग"चे गुलाब येतील, पण ते जाऊ द्या. मुद्दा हा की या हिशोबाने पुणं-नाशिक आमच्याकडे बघू शकतं. आम्ही कुणाकडे बघायचं? लोक म्हणतात राजस्थान, जोधपूर-बाडमेर, तिथली खेजडी, म्हणजे आपली शमीच. ऊन जुळतं, मान्य. पण तिकडे वाळू आणि आपल्याकडे चिकट काळी माती, तिकडे पाऊस तुटपुंजा आणि आपल्याकडे ६००-७०० मिलिमीटर, तोही बराचसा धो धो, थोड्याच दिवसांत उरकणारा. वाळवंटातलं झाड मेमध्ये जगेल आणि ऑगस्टमध्ये बुडून मरेल. म्हणून मला वाटतं दुसऱ्या राज्यापेक्षा आधी आपल्याच तालुक्यातल्या बांधावरची म्हातारी झाडं बघावीत, ७२ चा दुष्काळ बघितलेली, विहीर जवळ नसलेली, आणि बी त्यांच्याखालचं वेचावं. जुन्या सहा नंबरच्या हायवेला अशी निंब-चिंचेची जुनी झाडं होती, चौपदरीकरणात बरीच गेली. त्यांच्याबरोबर ते बीही गेलं, याचा हिशोब कुणी मांडला नाही.

आणि शेवटी पाणी, कारण कितीही काटक झाड असलं तरी पहिले दोन-तीन उन्हाळे ते लेकरूच असतं. राज्यात २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं टार्गेट होतं, टार्गेट नेहमी लावायचंच असतं, जगवायचं नसतं. नानांचं यावर एक अहिराणी वाक्य ठरलेलं आहे, "झाड कोनी बी लावी, पानी कोन टाकी?" जळगाव म्हणजे ठिबकचं गाव, केळीच्या खोडाखोडाला नळी पोचलेली, बागेभोवती गरम वारा अडवायला शेवरी आणि गजराज गवताची भिंत, इतकी काळजी. आणि शहरातलं रोप मात्र डिव्हायडरवर, टँकर आला तर आला. केळीवाल्याकडून दोन गोष्टी तरी उचलता येतील, रोपाच्या पश्चिमेला आडोसा आणि बुडाशी पाचटाचं नाहीतर पाल्याचं आच्छादन. पाणीही रोज तांब्याभर घालू नका, त्याने मुळं वरच रेंगाळतात, आठवड्यातून एकदा भरपूर घाला म्हणजे ती खाली जातात. आणि पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटवून बसवू नका, हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीत करंजाच्या गळ्याशी सिमेंट आहे आणि लोक म्हणतात पानांवर फोड आलेत, रोग पडला, औषध मारा. ते बारीक फोड करंजावर नेहमीच असतात, माइट नावाच्या बारीक किडीमुळे येतात, त्याने झाड मरत नाही. सिमेंटने मरेल.

यंदा ग्रुपवर बरीच भांडणं होऊन ठरलंय ते असं. दक्षिणेच्या कडेला करंज आणि निंब आलटून पालटून, नाल्याकडे दोन सादडे, मधल्या उंचवट्यावर वडाची एक फांदी, वायरीखाली आपटे. मागच्या मुरमाच्या तुकड्यात अंजनाचं बी थेट जमिनीत, भोवती काट्या, आणि पाटी लावायची की "इथे काही नाही असं वाटेल, पण आहे, गाडी लावू नये". पाण्याच्या पाळ्यांचा कागद वॉचमनच्या केबिनला चिकटवलाय, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःहून दोन वार घेतले, तिघांनी नाव टाकून खोडलं. सप्तपर्णीवाले काका अजून ऐकायला तयार नाहीत, त्यांच्या साडूच्या नाशिकच्या सोसायटीत ती काय छान झालीय म्हणे. त्यांना सांगितलं, तुमच्या गेटपाशी एक लावा, पाणी तुमच्या बोअरचं. तर म्हणतात, बोअरला मार्चनंतर पाणीच नसतं.